पाहिले, पण दिसले नाही

हा लेख वाचायला सुरुवात करण्यापूर्वी कंपासपेटीबरोबरची ३० सेंटिमीटरची पट्टी काढा आणि एका मित्राला समोर बसवा. मित्राने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवावी. शून्याची खूण खालच्या बाजूला असावी. तुम्ही आपला अंगठा आणि तर्जनी त्या शून्याच्या दोन्ही बाजूंना, पट्टीला न लावता, थोडी उघडी धरा. आता मित्राने कोणतीही सूचना न देता पट्टी सोडायची आणि ती सुटलेली दिसताच तुम्ही चिमटीत पकडायची. बोटे जेथे पडली, तेथला आकडा वहीत लिहा. असे दहा वेळा करा आणि सरासरी काढा.

पट्टी सोडल्याबरोबर पकडली, असे तुम्हांला वाटेल. परंतु पट्टी तसे सांगत नाही. ती पंधरा-वीस सेंटिमीटर खाली गेलेली असते. याचा अर्थ, ती सुटली तेव्हापासून तुमची बोटे मिटेपर्यंत काही काळ लोटला. तो किती, हे आपल्याला काढता येते. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तुम्ही शिकला आहात:

अंतर = ½ × गुरुत्व त्वरण × काळ × काळ

गुरुत्व त्वरण ९.८ मी./से.² धरून हिशेब केला, तर पुढील आकडे मिळतात.

१० सें.मी. – ०.१४ सेकंद
१५ सें.मी. – ०.१७ सेकंद
२० सें.मी. – ०.२० सेकंद
२५ सें.मी. – ०.२३ सेकंद
३० सें.मी. – ०.२५ सेकंद

म्हणजे साध्या पट्टीचे आपण सेकंदाचा शतांश मोजणारे घड्याळ केले! या काळाला प्रतिक्रियाकाल म्हणतात. पट्टी सुटल्याचे डोळ्यांतून मेंदूकडे कळायचे, मेंदूने निर्णय घ्यायचा, तो मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंकडे पोहोचायचा आणि स्नायू आकुंचन पावायचा, इतकी कामे त्या पाव सेकंदाच्या आत उरकतात. पट्टी जपून ठेवा, ती आपल्याला पुन्हा लागणार आहे.

०.८ सेकंदासाठी गेलेली नोकरी

माणसाला प्रतिक्रियेस वेळ लागतो ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण ती ध्यानात येण्यापूर्वी एका माणसाला आपली नोकरी गमवावी लागली होती. इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते. डेव्हिड किनेब्रुक हा त्यांचा साहाय्यक. तारा दुर्बिणीतील उभ्या तारेवरून नेमका कोणत्या क्षणी सरकतो याची नोंद करणे, हे त्याचे काम. त्याची रीत अशी, की डोळा दुर्बिणीला लावायचा आणि कान घड्याळाच्या ठोक्यांकडे द्यायचे. दोन ठोक्यांच्या मध्ये तारा कोठे होता हे पाहून सेकंदाच्या दशांशापर्यंत वेळ लिहायची. किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिन यांच्या नोंदींहून सुमारे ०.८ सेकंद उशिराच्या येऊ लागल्या. सूचना देऊनही फरक मिटेना, तेव्हा १७९६ साली त्याला कामावरून काढून टाकण्यात आले.

पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी या प्रकरणाचा विचार केला. त्यांनी स्वतःची निरीक्षणे इतर नामवंत खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली. तेथेही फरक निघाला, आणि काही जणांच्या बाबतीत तो एक सेकंदाहून अधिक होता! दोष किनेब्रुकच्या निष्काळजीपणाचा नव्हता. डोळा एका कामाला आणि कान दुसऱ्या कामाला लावले, की दोन्हींचा मेळ घालण्यास मेंदूला वेळ लागतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

१८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूवर प्रयोग करून संदेश किती वेगाने जातो हे मोजले. तो वेग प्रचंड असेल आणि मोजताच येणार नाही, अशी त्या काळच्या अनेक विद्वानांची समजूत होती. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीसएक मीटर निघाला. १८६८ साली हॉलंडमधील डाँडर्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एकाच ठरलेल्या खुणेला एकच ठरलेले उत्तर द्यायचे असेल, तर प्रतिक्रिया लवकर होते. परंतु अनेक खुणांतून निवड करायची असेल, तर काळ वाढतो.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. पट्टीच्या प्रयोगात तुम्हांला काय होणार ते ठाऊक होते आणि बोटे तयार होती. रस्त्यावर तसे नसते.

वर्गातून रस्त्यावर

रस्त्यावर पुढे काय येईल हे ठरलेले नसते. कुत्रे आडवे येईल, रिक्षा एकाएकी थांबेल, चेंडूमागे मूल धावत येईल. ते काय आहे हे ओळखायचे, ब्रेक दाबायचा की बाजूला वळायचे हे ठरवायचे, मग हात किंवा पाय हलवायचा. यासाठी जागरूक चालकालासुद्धा एक सेकंद सहज लागतो. रस्त्यांची आखणी करणारे अभियंते तर त्याहून सावध असतात. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांत, चालकाला वाहन थांबवता यावे म्हणून पुढचा किती रस्ता दिसायला हवा हे ठरवताना, हा काळ २.५ सेकंद धरलेला आहे. आपण येथे चालक तरुण व जागरूक आहे असे समजून एकच सेकंद धरू.

या एका सेकंदात वाहन त्याच वेगाने पुढे जात राहते. त्याला प्रतिक्रिया अंतर म्हणू. त्यानंतर ब्रेक लागतात आणि टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे वेग कमी होऊ लागतो. त्यासाठी लागणारे अंतर असे:

ब्रेक अंतर = (वेग × वेग) ÷ (२ × मंदन)

चांगले टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल, तर मंदन सुमारे ७.५ मी./से.² धरता येईल. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर ते ४ मी./से.² च्या आसपास येते. दोन्ही आकडे टायर आणि रस्ता यांच्या स्थितीप्रमाणे बदलतात. पण हिशेबाला पुरेसे आहेत. आता थांबायला एकूण किती रस्ता लागतो ते पाहा. प्रत्येक आकड्यात एका सेकंदाचे प्रतिक्रिया अंतर मिळवलेले आहे.

ताशी ३६ कि.मी. (१० मी./से.) – कोरड्या रस्त्यावर १६.७ मी., ओल्या रस्त्यावर २२.५ मी.
ताशी ५४ कि.मी. (१५ मी./से.) – कोरड्या रस्त्यावर ३० मी., ओल्या रस्त्यावर ४३.१ मी.
ताशी ७२ कि.मी. (२० मी./से.) – कोरड्या रस्त्यावर ४६.७ मी., ओल्या रस्त्यावर ७० मी.
ताशी ९० कि.मी. (२५ मी./से.) – कोरड्या रस्त्यावर ६६.७ मी., ओल्या रस्त्यावर १०३.१ मी.

वेग दुप्पट झाला, की ब्रेक अंतर चौपट होते, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. याचे कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि ती सगळी घर्षणाने खर्च व्हावी लागते. परंतु आजचा आपला विषय ब्रेक अंतर नाही. ते टायर, ब्रेक आणि रस्ता यांवर अवलंबून असते. आपला विषय त्याआधीचा एक सेकंद आहे, कारण तो माणसाच्या डोक्यात असतो.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

दोन मोटारसायकली ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहेत असे समजा. रस्ता कोरडा आहे. प्रत्येकीच्या पुढे ३० मीटरवर एकाएकी अडथळा आला. पहिल्या चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे. त्याला एक सेकंद लागला, त्यात १५ मीटर गेले. ब्रेक लावल्यावर आणखी १५ मीटर गेले. तो अडथळ्याला टेकता टेकता थांबला. घाबरला, पण वाचला.

दुसरा चालक फोनवर बोलत आहे. त्याला फक्त अर्धा सेकंद जास्त लागला. दीड सेकंदात तो २२.५ मीटर गेला. ब्रेकसाठी आता ७.५ मीटरच उरले. तो अडथळ्यावर किती वेगाने आदळेल? उत्तर वाचण्यापूर्वी अंदाज करून पाहा. माझ्या वर्गात बहुतेक मुले ‘ताशी दहा-पंधरा किलोमीटर’ असे सांगतात. आता सूत्र वापरू:

(अखेरचा वेग)² = (सुरुवातीचा वेग)² – २ × मंदन × अंतर
= २२५ – २ × ७.५ × ७.५ = ११२.५

म्हणून अखेरचा वेग १०.६ मी./से., म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर! पावणेसहा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ दोन मजली घराच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर याच वेगाने आदळते. गतिज ऊर्जेच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या चालकाची सगळी ऊर्जा ज्या ठिकाणी संपली, त्याच ठिकाणी दुसऱ्याजवळ बरोबर निम्मी शिल्लक होती. आणि उशीर अर्ध्याऐवजी एक सेकंदाचा झाला, तर ३० मीटर संपेपर्यंत ब्रेकला हातच लागत नाही. धडक पूर्ण ५४ किलोमीटर वेगाने बसते.

पण फोनवर बोलणाऱ्याला खरोखर उशीर होतो काय? पट्टी पुन्हा हातात घ्या. या वेळी तिसऱ्या मित्राने शेजारी उभे राहून तुम्हांला सतत तोंडी गणिते घालावीत: सतरा सक किती, एकशे त्रेचाळीस वजा सत्तावीस किती. तुम्ही मोठ्याने उत्तरे देत राहायचे आणि त्याच वेळी पट्टीही पकडायची. दहा नोंदी घेऊन आधीच्या सरासरीशी तुलना करा. मी हा प्रयोग दरवर्षी करून घेतो. सरासरी वाढते, हे तर दिसतेच. पण एखाददुसऱ्या वेळी पट्टी बोटांमधून सरळ खाली जाते आणि मुलगा तिच्याकडे बघतच राहतो. डोळे उघडे, बोटे मोकळी, नजर पट्टीवर, तरी ती सुटल्याचे त्याला कळत नाही. सारा वर्ग हसतो. मला मात्र त्या वेळी हसू येत नाही. त्याचे कारण सांगतो.

माझी स्वतःची गोष्ट

२०१३ सालच्या ऑगस्टमधील ही घटना आहे. मी महाविद्यालयातून मोटारसायकलवरून घरी निघालो होतो. डोक्याला शिरस्त्राण होते आणि त्याच्या आत कानाशी फोन खोचलेला होता. दोन्ही हात मोकळे आहेत, तेव्हा यात धोका काय, असे मला वाटे. एक सहकारी दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकांच्या तुकड्यांबद्दल विचारत होते. वेग पस्तीसच्या आसपास असेल. रस्ता सरळ होता, ऊन होते, गर्दी नव्हती.

पुढे एक शाळकरी मुलगा सायकलवरून चालला होता. मागच्या कॅरिअरवर दळणाचा डबा बांधलेला. त्याने उजवा हात बाहेर काढून वळण्याची खूण केली आणि तो आपल्या घराच्या बोळाकडे वळला. मी त्याच्या सायकलीवर जाऊन आदळलो.

मुलाच्या कोपराचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. मला थोडे खरचटले. मी त्याला दवाखान्यात घेऊन जात असताना तो रडत नव्हता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, “सर, मी हात दाखवला होता.” त्याला वाटत होते, की मी त्याला रागावणार. चूक कोणाची हे त्याला पक्के ठाऊक होते. पण मोठा माणूस असे करील यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्या जागी पुन्हा गेलो. डांबरावर ज्वारीचे पीठ अजून पसरलेले होते. मी ब्रेकची खूण शोधत होतो. टायर घासला, की रस्त्यावर काळा पट्टा उमटतो. तसा पट्टा तेथे नव्हता. म्हणजे मी ब्रेक उशिरा लावला नव्हता. तो मुळी लावलाच नव्हता. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की सहकाऱ्यांचे शेवटचे वाक्य मला शब्दशः आठवत होते. दुसऱ्या तुकडीत अठरा मुले आहेत, असे ते म्हणाले होते. मुलाचा बाहेर काढलेला हात मात्र आठवत नव्हता. माझे डोळे समोर होते, त्या हातावरून परावर्तित झालेला प्रकाश माझ्या नेत्रपटलावर पडला असलाच पाहिजे. प्रकाशशास्त्राचे सारे नियम पाळले गेले होते. मी पाहिले होते, पण मला दिसले नव्हते.

डोळे पाहतात, लक्ष दाखवते

असे का होते? आपला मेंदू डोळ्यांकडून येणारी सगळी माहिती वापरत नाही. जेथे लक्ष असेल, तेवढीच तो पुढे घेतो. १९९९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी एक चमत्कारिक प्रयोग केला. काही माणसे चेंडू खेळत आहेत अशी चित्रफीत त्यांनी लोकांना दाखवली आणि एका संघातील खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांना देतात ते मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही!

फोनवरील संभाषण हे असेच मोजण्याचे काम आहे. समोरच्याचे ऐकायचे, समजून घ्यायचे, उत्तर जुळवायचे. २००१ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी वाहन चालवण्यासारखे काम प्रयोगशाळेत लोकांना करायला दिले आणि मधूनमधून लाल दिवा दाखवला. फोनवर बोलणाऱ्यांकडून दिवे हुकण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले आणि जे दिवे दिसले त्यांनाही प्रतिसाद उशिरा मिळाला. केवळ रेडिओ ऐकणाऱ्यांच्या बाबतीत असे झाले नाही, कारण रेडिओ उत्तर मागत नाही.

खऱ्या रस्त्यांवरचा पुरावाही आहे. कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोन वापरत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असा त्यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तेथेही धोका सुमारे चौपटच निघाला. दोन्ही ठिकाणी फोन हातात धरला काय किंवा हँड्स-फ्री वापरला काय, धोक्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. धोका हातात नसून संभाषणात आहे, हे यावरून स्पष्ट होते.

संदेश वाचणे आणि लिहिणे तर याहून वाईट, कारण त्यात लक्षाबरोबर नजरही जाते. आपल्या नेत्रपटलाचा अगदी स्पष्ट पाहणारा भाग फार लहान असतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढे क्षेत्र तेवढे तो टिपतो. खात्री करून घ्यायची, तर या ओळीतील एका शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता तीन ओळी खालचा मजकूर वाचायचा प्रयत्न करा. जमणार नाही. फोनच्या पडद्यावर नजर असताना रस्ता याच अंधूक भागात असतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक संस्थेने ट्रकचालकांचे प्रत्यक्ष चित्रण करून २००९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार संदेश लिहिताना चालकाची नजर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ६० किलोमीटर वेगाने ४.६ सेकंदांत वाहन किती जाते? सुमारे ७७ मीटर. तेवढे अंतर डोळे मिटून चालवायला कोणी तयार होईल काय?

काही शंका

या विषयावर बोललो, की मला काही प्रश्न हमखास विचारले जातात.

‘शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतोच की, मग फोननेच काय बिघडते?’ शेजारच्याला रस्ता दिसत असतो. समोर ट्रक आला, की तो आपोआप गप्प बसतो किंवा ‘जपून’ म्हणतो. यूटा विद्यापीठातीलच २००८ सालच्या अभ्यासात सहप्रवाशाशी बोलणाऱ्या चालकांची कामगिरी फोनवर बोलणाऱ्यांपेक्षा चांगली आढळली. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो.

‘मी दहा वर्षे असाच चालवतो, मला कधी काही झाले नाही.’ हे विधान खरे असू शकते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. रस्त्याकडे दुर्लक्ष झालेल्या बहुतेक सेकंदांत रस्त्यावर काहीच घडत नाही, म्हणून चूक उघडकीस येत नाही. जे दिसले नाही, ते दिसले नाही हेही चालकाला कळत नाही! पट्टी निसटली, की ती खाली पडल्याचा आवाज होतो. रस्त्यावर निसटलेल्या शंभर खुणांपैकी नव्याण्णवांचा आवाजच होत नाही. एखाद्याचाच होतो.

‘सिग्नलला किंवा घाटात वाहने हळू असतात, तेव्हा चालेल ना?’ ताशी ३६ किलोमीटर हा वेग शहरात हळू समजतात. त्या वेगाने दोन सेकंदांत २० मीटर जातात. तुमच्या वर्गाची लांबी मोजा आणि २० मीटर म्हणजे काय ते पाहा.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. भागाकार करून पाहा: दर दिवशी सुमारे ४६२, म्हणजे दर तासाला १९. त्यांतले फोनमुळे किती, हे नेमके सांगणे कठीण असते, कारण फोन रस्त्यावर खूण ठेवत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वाहन चालवताना हातात धरून संपर्कसाधन वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते आणि त्याला दंड किंवा कैद होऊ शकते. परंतु कायदा हातातला फोन पाहतो. डोक्यातले संभाषण त्याला दिसत नाही. तेथे पहारा आपणच ठेवला पाहिजे.

तुमच्या हातात काय आहे?

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही तर गाडी चालवत नाही, मग आम्हांला हे कशाला?’ संभाषणाला दोन टोके असतात, मित्रहो. त्या दिवशी माझ्या सहकाऱ्यांना मी मोटारसायकलवर आहे हे ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. दुसरे टोक पुष्कळदा तुमच्या हातात असते.

बाबा कामावरून निघण्याची वेळ तुम्हांला ठाऊक असते. येताना वही आणा, हे सांगायला त्याच वेळी फोन करू नका. फोन लावलाच, तर पहिला प्रश्न ‘गाडीवर आहात का?’ हा असू द्या. उत्तर ‘हो’ आले, तर ‘पोहोचल्यावर बोलू’ म्हणून तुम्ही स्वतः फोन ठेवा. त्यांनी ठेवण्याची वाट पाहू नका. आईच्या मागे स्कूटरवर बसला असाल, तर फोन तुमच्या दप्तरात मागून घ्या. काकांनी चालत्या गाडीत फोन कानाला लावला, तर ‘काका, गाडी बाजूला घेऊन बोला ना’ असे म्हणायला लाजू नका. लहान तोंडी मोठा घास म्हणून कोणी हसले, तर त्यांना पट्टीचा प्रयोग करायला लावा. मोठी माणसे उपदेशाने रागावतात. पण आपल्या चिमटीतून निसटलेल्या पट्टीवर त्यांना रागावता येत नाही. आणि तुमच्यापैकी जे सायकलवर येतात, त्यांनी कानात गाण्यांचे बोळे घालून येऊ नये. मागून येणाऱ्या वाहनाची खबर कानच देतात.

शिक्षकांना एक विनंती आहे. सर्व वर्गाच्या नोंदी फळ्यावर मांडून, गणिते न घालता आणि गणिते घालून, अशा दोन सरासरी काढून घ्याव्यात. निसटलेल्या पट्ट्यांची संख्या वेगळी लिहावी. हे सर्व प्रयोग वर्गातच करावयाचे आहेत. रस्त्यावर किंवा चालत्या वाहनावर कोणताही प्रयोग करू नये.

तो सायकलवरचा मुलगा पुढे माझ्याच महाविद्यालयात शिकला. त्याचा हात बरा झाला. पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. प्रयोगशाळेत तो पट्टी डाव्या हाताने पकडत असे. त्या दिवसापासून माझा फोन प्रवासात बंद करून पिशवीत असतो. घरी पोहोचल्यावर मी तो सुरू करतो आणि आलेले निरोप पाहतो. त्यांतला एकही निरोप आजवर असा निघाला नाही, की ज्याला अर्धा तास थांबता आले नसते.

स्वाध्याय

१. एका विद्यार्थ्याची पट्टीची सरासरी १९.६ सें.मी. आली. त्याचा प्रतिक्रियाकाल काढा.

२. ताशी ४५ कि.मी. वेगाने जाणाऱ्या स्कूटरचालकाने दोन सेकंद फोनकडे पाहिले. तेवढ्यात स्कूटर किती अंतर गेली?

३. ओल्या रस्त्यावर (मंदन ४ मी./से.²) ताशी ३६ कि.मी. वेगाने जाणाऱ्या वाहनापुढे २२.५ मीटरवर एक मूल आले. प्रतिक्रियेस एक सेकंद लागला, तर काय होईल? दोन सेकंद लागले, तर मुलाला धडक किती वेगाने बसेल?

४. जागरूक चालक जेथे थांबतो, तेथे उशीर करणाऱ्या चालकाचा वेग √(२ × मंदन × वेग × उशीर) इतका असतो, हे सिद्ध करा. हे सूत्र उशिराच्या कोणत्या मर्यादेपर्यंत लागू पडते?

उत्तरे: (१) ०.२ सेकंद. (२) २५ मीटर. (३) एक सेकंद लागल्यास वाहन मुलाला टेकता टेकता थांबेल. दोन सेकंद लागल्यास धडक सुमारे ८.९ मी./से., म्हणजे ताशी सुमारे ३२ कि.मी. वेगाने बसेल. (४) उशीर = वेग ÷ (२ × मंदन) येथपर्यंत; त्यानंतर धडक पूर्ण वेगाने बसते.